सात तारखेच्या आत: वाचकांचे प्रश्न, अंबडहून उत्तरं

मागच्या अंकात मी माझ्या वर्कशॉपबद्दल लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले आता उत्तरंही तुम्हीच द्या. सगळे घेता आले नाहीत, काही एकसारखे होते ते एकत्र केलेत. ज्यांनी मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, माझं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू फिरवून पार्ट कापायचं काम आहे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक्स्लो पॉइंटच्या मागे गाळा, 1999 ला एका जुन्या लेथवर सुरू केलं, आज कॉम्प्युटरवर चालणारी पाच सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी (मिलिंगची मशीनं) आणि 34 माणसं आहेत. वडील नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते, घरात धंदा कुणीच केलेला नव्हता.

प्रश्न: मी सातपूरला एका कंपनीत आठ वर्षं सीएनसीवर आहे, प्रोग्रामिंग येतं. स्वतःचं एक जुनं मशीन घेऊन जॉबवर्क (बाहेरच्या कंपन्यांचं काम करून देणं) सुरू करायचा विचार आहे, एका पार्टीने (गिऱ्हाईक कंपनीने) काम देतो असं तोंडी सांगितलंय. बायको घाबरते. काय करू? (वय 31, श्रमिकनगर)

दादा, वहिनी का घाबरतात ते आधी शांतपणे ऐकून घ्या, कारण त्यांना बहुतेक हाच प्रश्न पडलेला असणार की पैसे हातात येईपर्यंत घर कशावर चालवायचं, आणि धंद्यातला पहिला प्रश्न खरंच तोच आहे. तुमच्या हाताला काम येतंय, आठ वर्षं प्रोग्राम करताय, पार्ट चांगलेच निघतील. पण मी पंचवीसेक वर्षांत आजूबाजूचे जे गाळे बंद होताना पाहिले त्यातले निम्मे तरी माझ्यापेक्षा चांगलं काम करणारे होते, ते उधारीत गेले.

हिशोब मांडून बघा. समजा माल आणि मजुरी धरून महिन्याला 3 लाखाचं बिल झालं, त्यावर 18 टक्क्याने 54 हजार जीएसटी. पार्टी म्हणते 90 दिवसांत पेमेंट. पण जीएसटी तुम्हाला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाच आहे, पार्टीने पैसे दिलेत की नाही ते सरकार विचारत नाही. मालावरचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे माल घेताना दिलेला जीएसटी वजा होतो, तेवढा भार कमी होतो, पण मजुरीच्या भागावर क्रेडिट कुठून आणणार? म्हणजे पहिलं पेमेंट येईपर्यंत तीन महिन्यांचा टॅक्स, तीन हप्ते, तीन भाडी, लाइटबिल, इन्सर्ट (कापायच्या पात्या) आणि कूलंटचा (मशीनवर गारवा ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा) खर्च, हे सगळं खिशातून. लोक मशीनच्या किमतीचं लोन काढतात आणि या मधल्या पैशाचा विचारच करत नाहीत. मशीन थोडं स्वस्तातलं घ्या, पण चार महिन्यांचा खर्च वेगळा काढून ठेवा, तेवढा जमेपर्यंत नोकरी सोडू नका. आणि तोंडी शब्दावर तर अजिबात नाही, परचेस ऑर्डर हातात घ्या, त्यात पेमेंट किती दिवसांत ते लिहून घ्या.

माझ्यावर 2019 ला वेळ आली होती. गाड्यांचा बाजार पडला होता, एका मोठ्या पार्टीने 140 दिवस पैसे थकवले, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे पगार लांबला. कायद्याने सात तारखेच्या आत द्यायचा असतो, मी अकरा तारखेला दिला. कुणी काही बोललं नाही. नऊ तारखेला माझा एक जुना ऑपरेटर केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, पगाराचं नावसुद्धा काढलं नाही त्याने, फक्त म्हणाला साहेब मुलीची फी भरायची आहे, तीन हजार ॲडव्हान्स मिळेल का. स्वतःच्या कमावलेल्या पैशाला तो ॲडव्हान्स म्हणत होता. ते मला आजही आठवलं की पोटात तुटतं. त्यानंतर मी दोन महिन्यांच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लागलो, तिला हात लावायचा नाही, माल घ्यायला पैसे कमी पडले तरी नाही. तुमच्याकडे उद्या एकच हेल्पर असेल, त्याच्यासाठी पण हे करा.

प्रश्न: माझं सिन्नरला कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. 45 दिवसांत पेमेंटचा कायदा आला असं सीए सांगतात, पण माझी मोठी पार्टी 120 दिवसांशिवाय देत नाही. तक्रार केली तर ऑर्डर जाईल. कायद्याचा उपयोग काय मग? (सिन्नर)

ताई, कायदा काही नवीन नाही, 2006 चा एमएसएमई कायदा तेव्हापासून हेच सांगतोय. लेखी करार नसेल तर 15 दिवस, करार असेल तर जास्तीत जास्त 45, करारात 120 लिहिलं तरी ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दरमहा चक्रवाढ. कागदावर इतकं सगळं असून छोट्या माणसाची मागायची हिंमत होत नव्हती, व्याज मागितलं की व्हेंडर कोड बंद, म्हणजे कामच बंद.

आता झालंय असं की 1 एप्रिल 2024 पासून आयकरात 43बी एच हे कलम आलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर पार्टीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, ज्या वर्षी खरंच पैसे देतील त्या वर्षीच. म्हणजे तुमचे पैसे अडवले तर टॅक्स त्यांचा वाढतो. मला हे आवडलं कारण इथे तुम्हाला भांडावं लागत नाही, त्यांचा स्वतःचा ऑडिटरच मार्चमध्ये यादी घेऊन बसतो. माझ्याकडे पहिल्याच वर्षी मार्चमध्ये दोन जुनी बिलं न मागता जमा झाली. पण याचा दुसरा परिणामही झाला, काही पार्ट्यांनी छोट्यांना सांगितलं की उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) काढून टाका नाहीतर काम दुसरीकडे देतो. हे मला फार लागलं. संरक्षण म्हणून जे दिलं तेच सोडून द्यायला सांगायचं आणि समोरचा गरजू म्हणून सोडतो पण.

तुम्ही काय करा, उद्यम नोंदणी नसेल तर पुढचं बिल काढायच्या आधी करून घ्या, फुकट होते. नोंदणी उत्पादक म्हणूनच आहे ना बघा, नुसत्या ट्रेडिंगला हे पेमेंटचं संरक्षण लागू होत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा. माल उतरला की पोच घ्या, सही शिक्क्याची, कारण दिवस तिथून मोजतात आणि भांडण झालं की पहिलं विचारतात ते पोच. पार्टीची उलाढाल 250 कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्स या बिलांच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी सक्तीची आहे, तिथे त्यांनी तुमचं बिल मान्य केलं की एखादी बँक थोडं व्याज कापून तुम्हाला पैसे लगेच देते आणि वसुली पार्टीकडून करते. हा मार्ग भांडणाचा नाही म्हणून मी आधी तो सांगतो. छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार हा शेवटचा, तिथे त्यासाठी नेमलेल्या परिषदेने 90 दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तर पार्टीला कोर्टात जायच्या आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. तेवढी ताकद आहे त्यात. पण त्याच्या आधी एका पार्टीवर निम्म्यापेक्षा जास्त धंदा असेल तर तो कमी करायला आजपासून लागा, दोन लहान पार्ट्या शोधा, भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल.

आणि एक विचारतो, राग मानू नका. कागदवाल्याला, डिंकवाल्याला, टेम्पोवाल्याला तुम्ही किती दिवसांनी देता? मी स्वतःला हे विचारलं तेव्हा माझा प्लेटिंगवाला (पार्टवर मुलामा चढवणारा) 75 दिवसांवर निघाला.

प्रश्न: माझे मिस्टर तुमच्यासारख्याच एका शॉपमध्ये बारा तास काम करतात, जाऊन येऊन चौदा. मोठे मोठे लोक टीव्हीवर सांगतात 70 तास करा, 90 तास करा. घरी आले की जेवून झोपतात, मुलांशी बोलणं नाही. मालक म्हणून तुम्हाला काय वाटतं? (पाथर्डी फाटा)

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नारायण मूर्ती 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 70 तास म्हणाले, 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं 90 तासांचं बोलणं बाहेर आलं. मूर्तींनी उभं केलेलं काम मोठं आहे, माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे. पण ज्याची कंपनी त्याचे तास आणि ज्याचा पगार ठरलेला त्याचे तास यात फरक आहे. मी पण सुरुवातीची सहा सात वर्षं सोळा सोळा तास केले, गाळ्यातच झोपलो, पण संध्याकाळी जे वाढत होतं ते माझं वाढत होतं. हेल्परला मी ते कोणत्या तोंडाने सांगू.

1948 च्या फॅक्टरी ॲक्टपासून आठवड्याला 48 तास ठरलेत, वर काम केलं तर दुप्पट दर. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये नवीन लेबर कोड लागू झाले त्यातही 48 आणि दुप्पट हे तसंच आहे. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तासांवर न्यायला मंजुरी दिली, त्यावरून बऱ्याच मालकांनी अर्थ काढला की आता बारा तास फुकट. तसं नाहीये, आठवड्याचे तास वाढलेले नाहीत, रोज बारा तास केले तर चार दिवसांत 48 भरतात. मिस्टरांना सहा दिवस बारा तास पडत असतील तर ते 72 झाले, त्यातले 24 तास दुप्पट दराने पगाराच्या स्लिपवर दिसले पाहिजेत. स्लिप मागा, आणि अपॉइंटमेंट लेटर पण, नव्या कोडमध्ये ते प्रत्येकाला देणं बंधनकारक केलंय.

मालक म्हणून विचारलंत म्हणून सांगतो, माझ्याकडे पण 2016 पर्यंत बाराच्या दोन शिफ्ट होत्या. रिजेक्शनचं रजिस्टर मी स्वतः तासाप्रमाणे लिहायला लागलो तेव्हा दिसलं की खराब पार्ट सगळ्यात जास्त शेवटच्या दोन तासांत निघतायत, मशीनमध्ये मापाचा ऑफसेट चुकीचा टाकला, इन्सर्ट बदलायचा राहिला, असंच. एका मुलाचं बोट पण त्याच वेळेत गेलं असतं, सुपरवायझरने हात ओढला म्हणून वाचलं. तेव्हापासून आठ आठच्या तीन शिफ्ट केल्या. माणसं जास्त लागली, पगाराचा खर्च वाढला, पहिलं वर्ष जड गेलं. आज ती तीन शिफ्टची पाटी काढायला मला कुणी सांगितलं तरी मी काढणार नाही.

प्रश्न: मुलगा इंजिनिअर झालाय, पुण्यातून ऑफर आहे. नाशिकमध्ये काही राहिलंय का? (गंगापूर रोड)

जाऊ द्या काका. चार वर्षं बाहेर राहून शिकू द्या, परत यायचं असेल तर येईल. नाशिकने त्याला थांबवावं असं काही आपण उभं केलंय का हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात रोज असतो. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2092 कोटी जाहीर झाले तेव्हा आम्ही शॉपमध्ये पेढे वाटले होते, आजपर्यंत एक खांब उभा नाही. शहर बस 2021 च्या जुलैपासून चालू आहे, माझी अर्धी माणसं तिच्यावर येतात, आणि तिचे कंडक्टर थकलेल्या पगारासाठी संपावर गेले की माझी सकाळची शिफ्ट रिकामी. बघा, तिथेही पगारच.

समृद्धी महामार्गाचं मात्र चांगलं झालं. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि 701 किलोमीटर पूर्ण झाले, कसाऱ्याच्या घाटात माझी गाडी जे तास घालवायची ते वाचले. पण मुंबईचा माल वेळेत पोचवायला लागलो आणि द्वारका चौकातून नाशिकरोडला जायला अजून पाऊण तास लागतो, याचं दुःख होतं.

प्रश्न: कुंभमेळ्याने नाशिकच्या उद्योगाला फायदा होईल का? आणि तपोवनातल्या झाडांबद्दल तुम्ही उद्योजक लोक गप्प का होते? (पंचवटी)

सगळे गप्प नव्हते, मी एका रविवारी मुलीला घेऊन तपोवनात जाऊन उभा राहिलो होतो. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, उद्योजक म्हणून आम्ही एकत्र बोलायला पाहिजे होतं.

सिंहस्थ मला परका नाही, लहानपणी आजीचा हात धरून रामकुंडावर गेलोय. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान, लाखो लोक येणार, त्यांची सोय झालीच पाहिजे. 2003 ला शाहीस्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली, ते नाशिककर विसरलेला नाही, म्हणून जागा मोकळी लागते, रस्ते रुंद लागतात हे मला मान्य आहे. पण 2025 च्या शेवटी तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, सतराशे अठराशे झाडं काढायचा प्रस्ताव आला तेव्हा माझं मन मानेना. साधुग्राम काही महिन्यांचं, तंबू येतात आणि जातात. ते झाड व्हायला चाळीस पन्नास वर्षं लागलीत, ती वर्षं कोणत्या टेंडरमध्ये विकत मिळतात? दुसरीकडे दहापट लावू म्हणतात, लावा ना, आधी लावा, जगवून दाखवा, अभिनेते सयाजी शिंदे येऊन उभे राहिले तेव्हा त्यांचा आग्रह मला पटला.

उद्योगाला फायदा हॉटेलवाल्यांना, टॅक्सीवाल्यांना, किराणा, भांडी, मंडप यांना होईल. आम्हाला इंजिनिअरिंगवाल्यांना थेट नाही, उलट स्नानाच्या दिवसांत ट्रक बंद असतील, तेव्हा कच्चा माल पंधरा दिवस आधी भरून ठेवा आणि पार्ट्यांना आत्ताच कळवून ठेवा. आमचं खरं काम वेगळं आहे. नंदिनी, जिला आपण नासर्डी म्हणतो, ती सातपूर अंबडच्या बाजूनेच वाहत येऊन गोदावरीला मिळते. ज्या पाण्यात लोक 2027 ला डुबकी मारणार त्यात आपल्या शॉपमधलं कूलंटचं तेलकट पाणी जाता कामा नये. मी माझं वापरलेलं कूलंट ड्रममध्ये साठवून अधिकृत उचलणाऱ्यालाच देतो, पावती ठेवतो. खर्च येतो. प्लेटिंगवाल्यालाही मी आता ती पावती मागतो आणि त्यासाठी त्याला दर वाढवून दिलाय, कारण दर पाडून घ्यायचा आणि मग नदीसाठी हळहळायचं हे जमणार नाही.

प्रश्न: आमच्या शॉपला सगळं काम डिझेल इंजिनच्या पार्टचं आहे. ईव्ही आल्यावर आमचं काय? (सुपरवायझर, अंबड)

भाऊ, भीती खरी आहे. नाशिकची निम्मी टूलरूम संस्कृती डिझेलच्या इंजेक्शनवर, नोझलवर वाढली, मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं त्यातून तयार झाली. 2020 च्या एप्रिलला गाड्यांच्या धुराचे बीएस-6 नियम आले तेव्हा छोट्या डिझेल गाड्या बाजारातून जवळजवळ गेल्या, तो धक्का आपण खाल्लाय. ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर यांत डिझेल अजून बरीच वर्षं राहील. ईव्हीला नोझल लागत नाही, पिस्टन, व्हॉल्व्ह लागत नाही, पण ब्रेक लागतो, सस्पेन्शन लागतं, मोटरचा शाफ्ट लागतो, बेअरिंगची सीट लागते. मालकाला म्हणा वर्षाला एक तरी पार्ट इंजिनच्या बाहेरचा घ्या. मायक्रॉन सांभाळायची जी सवय तुमच्या पोरांच्या हातात आहे ती पंपाचे, व्हॉल्व्हचे, मेडिकलचे, संरक्षण खात्याचे पार्ट करणाऱ्यांना हवी आहे, विमानं बनवणारं ओझर जवळच आहे.

प्रश्न: मी निफाडचा, घरी कांदा, मी स्वतः अंबडला कंपनीत. शहरातले लोक कांदा महागला की ओरडतात, पडला की कुणी बोलत नाही. तुम्ही उद्योजक म्हणून बोला.

बोलतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच, 2024 च्या मे महिन्यात बंदी उठली पण टनाला 550 डॉलरची अट आणि शुल्क तसंच, सप्टेंबरमध्ये शुल्क 20 वर, आणि 1 एप्रिल 2025 ला शून्य. वीस महिन्यांत निदान पाच वेळा नियम बदलला. माझ्या पार्टीने वीस महिन्यांत पाच वेळा ड्रॉइंग बदललं असतं तर मी काम परत केलं असतं, शेतकऱ्याने लावलेली रोपं कुणाला परत करायची? आणि लाल कांदा तर ठेवताही येत नाही, निघाला की लासलगावला न्यायचाच, मिळेल त्या भावात. उन्हाळ कांदा चाळीत चार महिने थांबतो पण सडतो, वजन घटतं.

शहराला हे परकं वाटायचं कारण नाही. कांदा पडला की निफाड, चांदवड, येवल्यात मोटारसायकल खपत नाही, ट्रॅक्टरची बुकिंग लांबते, आणि दोन तीन महिन्यांनी माझ्याकडे ऑर्डरचं शेड्यूल कमी होतं, मी हे दरवेळी बघतो. निर्यातीचं धोरण हंगामाच्या आधी सांगा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका, एवढं एक झालं तरी पुष्कळ. ग्राहकाला स्वस्त द्यायचा असेल तर सरकारने योग्य भावाने विकत घेऊन द्यावा, आणि त्याचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यात त्याच आठवड्यात जमा करावेत.

प्रश्न: आयटीआय टर्नर केलंय, मुलगी म्हणून शॉपफ्लोअरला घेतील का? (वय 19, सिडको)

घेतील बेटा. माझ्याकडे सध्या तीन मुली आहेत, एक व्हीएमसीवर, दोघी इन्स्पेक्शनला. मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराआधी दोन गोष्टी बघ, लेडीज टॉयलेट आहे का आणि दुसरी शिफ्ट सुटल्यावर घरी सोडायला गाडी आहे का, नसेल तर नोकरी कितीही चांगली असली तरी नको घेऊ. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन भरपूर सराव कर, थ्रेड गेजसुद्धा. शनिवारी दुपारी दोननंतर मी शॉपवरच असतो, मासिकाच्या ऑफिसमधून पत्ता घे आणि आईला किंवा बाबांना घेऊन ये, मशीन चालू असतील, बघून जा.